काहूनबाईंचा लोकरी मोजा

आमच्या बाईंच्या डाव्या पायात पुरुषाचा लोकरी मोजा असायचा आणि उजव्या पायात काहीच नसायचं. मोजाही चपलेच्या आत नाही, चपलेच्या वरून चढवलेला. राखाडी, जाडजूड, पार गुडघ्याखालपर्यंत ओढलेला. साडी वीतभर वर घेऊन कंबरेला खोचलेली. सुरतेतल्या लिंबायत वस्तीच्या आमच्या मराठी शाळेत बाई पहिल्यांदा सातवीच्या वर्गात आल्या त्या अशाच अवतारात. आम्ही चाळीसएक पोरं-पोरी असे हसलो, की शेजारच्या वर्गातले गुरुजी खडू हातात घेऊन बघायला आले.

बाईंनी आमचं हसू संपू दिलं. मग खुर्ची पुढे ओढली, तिच्यावर डावा पाय ठेवला आणि म्हणाल्या, "एकेकानं यायचं. मोज्याला जे चिकटलंय त्यातलं एक काढायचं. आणि मला सांगायचं, हे माझ्या पायावर बसून इथवर काहून आलं?"

कोणी उठेना. शेवटी शोभा म्हणाली, "बाई, काहून म्हंजे?"

"काहून म्हणजे कशासाठी."

"हां, काबरं!" मागून कोणीतरी ओरडलं.

आमच्यातली बहुतेक सगळी खानदेशची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि मराठी फक्त शाळेत. बाई विदर्भातल्या. त्यांचं 'काहून' आणि आमचं 'काबरं' त्या दिवशी एकमेकांना भेटले. वर्गातून बाहेर पडेपर्यंत बाईंचं नाव काहूनबाई पडलेलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं नाव आहे. आईबापांनी ठेवलेल्यापेक्षा बरं."

मोज्यावर त्या दिवशी आघाड्याचे दाणे होते, कुसळं होती, आणि आम्ही ज्यांना लांडगे म्हणायचो ते काटेरी गोंडे होते. शाळेच्या मागे, खाडीच्या बाजूला एक पडीक जागा होती. बाई वर्गात येण्याआधी तिथून चक्कर मारून आल्या होत्या.

"बी चालू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मग ते दुसऱ्याचे पाय वापरतं. आज माझा वापरला. उद्या तुमचा वापरेल. आता सांगा, ज्यांना काटे नाहीत ती काय करतात?"

मोजा त्यांच्या भावाचा होता. तो फौजेत होता आणि थंड प्रदेशातून सुट्टीवर येताना असे मोजे आणायचा. जोडीतला दुसरा कुठे गेला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "कपाटात. एक पाय मोज्याचा, एक पाय उघडा. तुलना कशाशी करशील मग?"

बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. पर्वत पाटिया भागात एका खोलीत एकट्याच राहायच्या आणि पुरुषांच्या, मध्ये दांडा असलेल्या सायकलवर शाळेत यायच्या. नऊवारी नेसायचं वय नसताना त्या सायकलसाठी नऊवारी नेसायच्या. रस्त्यातले गुजराती दुकानदार त्यांना "बेन" म्हणायचे आणि मान वळवून वळवून बघायचे. बाई कोणाकडे बघायच्या नाहीत. त्यांचं लक्ष भिंतींकडे असायचं. एखाद्या भिंतीच्या फटीतून पिंपळाचं रोप डोकावलेलं दिसलं की भर रस्त्यात सायकल थांबवायच्या आणि मागच्या रिक्षावाल्यांची बोंब ऐकत वर बघत उभ्या राहायच्या. "कोणत्या पाखरानं टाकलं असेल?" असं त्या रिक्षावाल्यालाच विचारायच्या.

वर्गात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. खुर्चीवर बियांचं ताट असायचं. डबा उभ्यानं खायच्या, भाकरी आणि ठेचा. फळ कुठलंही खाल्लं तरी बी तोंडातून ओंजळीत, ओंजळीतून काडेपेटीत. सीताफळाच्या दिवसांत मात्र वेगळा कार्यक्रम. मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्याच्या कडेला उभ्या राहायच्या, गर खायच्या आणि सीताफळाची बी फुर्रकन अंगणात उडवायच्या. आम्ही जिथे बी पडली तिथे खडूनं खूण करायची. मग आमची पाळी. मग फूटपट्टीनं मोजमाप.

एकदा मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, नेमके त्या वेळी व्हरांड्यात आले.

"बाई, हे काय चाललंय? मुली थुंकताहेत!"

"थुंकत नाहीत सर. माकड झाल्यात. माकड फळ खाऊन बी किती लांब टाकतं ते बघतोय. या ना, तुम्हीपण एक टाका."

मोठे सर भित्रे पण मनानं चांगले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, एक सीताफळाची फोड घेतली आणि बी उडवली. ती त्यांच्याच शर्टाच्या खिशात पडली. तेव्हापासून त्यांनी त्या व्हरांड्याकडे येणं सोडलं.

आणखी एक प्रसंग मला आठवतो तो प्रार्थनेचा. सगळी शाळा ओळीत उभी, डोळे मिटलेले, आणि कडुनिंबावरच्या कावळ्यानं बरोबर बाईंच्या खांद्यावर घाण केली. मुलं फिसफिसू लागली. प्रार्थना संपेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. संपल्याबरोबर मला हाक मारली, "ये इकडे. पुसू नको कोणी! काडी आण." मग काडीनं त्या घाणीतले बारीक बारीक दाणे वेगळे काढले आणि पाण्यात धुतले. हातभर लांबून बघणाऱ्या आम्हाला म्हणाल्या, "तुम्हाला घाण दिसते. मला टपाल दिसतं." ते दाणे त्यांनी फुटक्या कपात मातीत घातले आणि कप खिडकीत ठेवला. महिना गेला, काही नाही. आम्ही विसरलो. एका सोमवारी शोभानं किंकाळी फोडली. कपात सुईच्या टोकाएवढी दोन हिरवी पानं होती. उंबर. बाईंनी ती पानं बघितली आणि धपकन खाली फरशीवर बसल्या.

हे त्यांचं आम्हाला पुढे कळलं. एरवी कधी न बसणाऱ्या बाई, एखादी गोष्ट नव्यानं समजली की असतील तिथे खाली बसायच्या. उभ्यानं इतका आनंद पेलवत नाही, असं म्हणायच्या. आम्ही त्या बसाव्यात म्हणून जिवाचं रान करायचो. रुईच्या म्हाताऱ्या फुंकून कोणाची जास्त लांब जाते ते बघायचो, तेरड्याच्या बोंडांना हात लावून ती फुटवायचो, एरंडाची बोंडं उन्हात ठेवून ती तडकायची वाट बघायचो. बाई मान हलवायच्या, "बरं, पुढे?" म्हणायच्या. बसायच्या नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी सुरतेत प्लेग येऊन गेला होता. अर्धं लिंबायत गाठोडी उचलून खानदेशात पळालं होतं, आम्हीसुद्धा. परतलो तेव्हा शहर धुऊनपुसून निघत होतं, रोज झाडू, रोज पावडर. पण लोकांच्या मनातली भीती कशी झाडायची? झुडूप दिसलं की आईबापांना उंदीर दिसायचा. आणि आमच्या बाई आम्हाला रोज त्या पडीक जागेत घेऊन जायच्या. त्यांनी तिथे आधी पालिकेच्या माणसांकडून कचरा उचलून घेतला होता, स्वतः काठीनं सगळी जमीन ठोकून बघितली होती, आल्यावर आम्हाला कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत साबण लावायला लावायच्या. पण हे घरी कोण सांगणार? घरी दिसायची ती फ्रॉकला चिकटलेली कुसळं.

"कसाले जास त्या काटास्मा?" आई ओरडायची आणि माझ्या फ्रॉकवरून आघाडा उपटायची. ती घरी साड्यांना खडे चिकटवायची. सुरतेतल्या साड्यांवर ते चमचमणारे खडे असतात ना, ते. माझी बोटं चपळ होती. मी शाळेतून आल्यावर मदत करायची, पण आईला दिवसभराचे हात हवे होते. आप्पांचंही तेच मत होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. ते बोलायचे कमी. दिवाळीच्या सुट्टीत एकदाच म्हणाले, "आते बस व्हयनी शाळा." आणि विषय संपला. मी भांडले नाही. आमच्या गल्लीत सातवी हेच मुलींचं शेवटचं स्टेशन होतं. काही जणी तर त्याच्या आधीच उतरायच्या.

सुट्टी संपल्यावर बाईंनी नवीन खेळ काढला. प्रत्येकानं घरून कापडाची एक चिंधी आणायची. कसलीही. आमच्या वस्तीत चिंध्यांना काय तोटा? कोणी पॉलिएस्टर आणलं, कोणी नायलॉन, कोणी आजोबांच्या धोतराचा तुकडा, कोणी जुन्या स्वेटरची बाही, तर शोभानं कुठून तरी लाल मखमल आणली. चिंध्या सारख्या मापात कापल्या, पोटऱ्यांवर बांधल्या आणि एका ओळीत त्या पडीक जागेतून चाललो. वर्गात परत येऊन पाय पसरून बसायचं, बाईंच्या गळ्यात दोरीनं लटकणाऱ्या चिमट्यानं एकेक बी काढायचं आणि मोजायचं.

रोज तेच निघायचं. लोकरीला सगळ्यात जास्त. त्याखालोखाल मखमल. मग सुती. आणि आमच्या सगळ्यांच्या आईबापांच्या हातून रोज निघणारं ते पॉलिएस्टर, त्याला जवळजवळ काहीच नाही. बाईंनी कापडं अदलाबदल करून बघितली, माणसं बदलून बघितली, वाट बदलून बघितली. तरी तेच.

"काहून?" बाई फळ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या. आम्ही पुन्हा मोजायला बसायचो.

असंच एका सकाळी आम्ही पाय पसरून मोजत बसलो होतो आणि दारात आप्पा उभे. रातपाळी करून तसेच आलेले. डोळे लाल, शर्टावर तेलाचे डाग.

"बाई, नमस्कार. मी हिचा बाप. माझी पोरगी उद्यापासून यायची नाही."

"काहून?"

आप्पा गोंधळले. मग त्यांना उमजलं. "काबरं म्हणजे? गेल्या साली या शहरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही का? आम्ही पोरीला शिकायला धाडतो आणि ती काटेकुटे घेऊन घरी येते. चिंध्या बांधून झुडपात फिरते, लोक हसतात. अन् घरी तिच्या आईला हात पाहिजे."

मला वाटलं, बाई आता मोठं भाषण देतील. मुलीचं शिक्षण वगैरे. त्यांनी खाली वाकून एका पोराच्या पायावरची पॉलिएस्टरची चिंधी सोडली, दुसऱ्याची धोतराची सोडली आणि दोन्ही आप्पांच्या हातात दिल्या.

"दादा, पंधरा दिवस झाले, माझं डोकं चालत नाही. याला बी चिकटतं, याला चिकटत नाही. पुस्तकं बघितली, सापडलं नाही. तुम्ही कापडातले. जायचं तर घेऊन जा पोरीला, पण आधी मला सांगा, काहून?"

आप्पांनी नको नको म्हणत चिंधी घेतली. पण कापड हातात आलं आणि त्यांचा अंगठा आपोआप तिच्यावर फिरला. बघितलंसुद्धा नाही त्यांनी. "हे आमच्या इकडचं आहे, पॉलिएस्टर," ते म्हणाले. मग दुसरीवर अंगठा फिरवला. "हे सुती. जुनं. खूप धुतलेलं." मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावरची झोप उडाली. त्यांनी दोन्ही चिंध्यांतून एकेक धागा ओढून काढला आणि खिडकीशी गेले.

"या रे इकडे. उजेडात बघा."

सगळा वर्ग खिडकीशी गेला. पायांना चिंध्या तशाच.

"शेवया बघितल्या ना कशा पडतात? लांबच लांब, गुळगुळीत. पॉलिएस्टरचा तार तसाच, कारखान्यात ओढून काढतात. हितून तिथवर एकच, मध्ये तुटत नाही. आणि कापूस? कापसाचे तंतू एवढे एवढे, बोटाच्या पेरासारखे. त्यांना पीळ घालून एकमेकांत अडकवायचं, तेव्हा धागा होतो. मग प्रत्येक तंतूचं टोक कुठे ना कुठे बाहेर राहतंच. बघा, लव दिसते ना? बी अडकतं ते त्या लवेत. गुळगुळीत तारेला ते काय धरणार?"

"आणि लोकर?" मी विचारलं. वर्गात आप्पांना प्रश्न विचारायची मला भीती वाटली नाही, याचं मला नंतर नवल वाटलं.

"लोकर तर मेंढीचा केसच. मुळातच खरबरीत." ते थांबले आणि हसले. आप्पा हसले की त्यांचा एक दात दिसायचा, तो मला फार दिवसांनी दिसला. "मी आधी धुळ्याला सुती लूमवर होतो. पाळी सुटली की भुवया पांढऱ्या, नाकात कापूस. आरशात बघितलं तर म्हातारा. सुरतेत आलो आणि भुवया काळ्या झाल्या. मला वाटलं, हवापाणी चांगलं असेल. हवापाणी कुठलं? तार गुळगुळीत. त्याची लव उडतच नाही."

वर्ग खदाखदा हसला. आणि मागे धपकन आवाज आला. बाई फरशीवर बसल्या होत्या.

आप्पा घाबरून धावले. "बाई, काय झालं? पाणी आणू का?"

"काही नाही आप्पा," मी म्हटलं. "त्यांना नवीन कळलं."

बाईंना ते खरंच आधी माहीत नव्हतं का, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. एवढ्या हुशार बाई, त्यांना धाग्याची लव ठाऊक नसेल? पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. आणि त्या खोटं खोटं बसणाऱ्या नव्हत्या.

त्या दिवशी आप्पा नाव काढायचं विसरूनच गेले. घरी आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आते नको. ते प्रदर्शन व्हऊ दे." कारण निघताना बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की जानेवारीत शहरातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि आपण जाणार आहोत. मोठे सर ऐकून म्हणाले होते, "बाई, आपली शाळा तिथे कधी गेलेली नाही." बाई म्हणाल्या, "म्हणूनच त्यांनी अजून आपल्याला हरवलेलं नाही."

म्हणजे मला प्रदर्शनापर्यंतची मुदत होती. पुढचं कोणी बोललं नव्हतं.

उत्तरायण, म्हणजे सुरतेची पतंगांची संक्रांत, नुकतंच झालं होतं, झाडाझाडांवर मांजा लटकत होता. नदीकडच्या एका मोठ्या शाळेत प्रदर्शन. आम्ही पाच जणी, बाई, मोठे सर आणि लूमला त्या दिवशी सुट्टी म्हणून आप्पा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि भिंतीला चिकटून उभे होते. सभागृहात दिवे लागणारी धरणं होती, धूर सोडणारे ज्वालामुखी होते, थर्माकोलचे ग्रह गरगर फिरत होते. आमच्या टेबलावर पाच चिंध्या, पाच ताटल्या आणि काडेपेट्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं आमच्या टेबलाकडे बघून आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं.

परीक्षक आले. उंच, चष्मा, गडद रंगाची कडक इस्त्रीची पँट. त्यांनी चिंध्यांकडे बघितलं.

"आ शुं छे? भंगार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं फक्त. मी हिंदीत सुरुवात केली, मध्येच गुजरातीत गेले, मध्येच मराठी आलं. बी कसं फिरतं, कोणाच्या पायानं फिरतं, कोणत्या कापडाला किती. ते ऐकत होते, पण नजर पुढच्या ज्वालामुखीकडे.

"गोखरू चिकटतं हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं," ते हिंदीत म्हणाले. "तुम्ही नवीन काय केलं? पॉलिएस्टरला का नाही चिकटत, सांग बघू."

मी दोन धागे काढले आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. शेवया सांगितल्या, कापसाचे तंतू सांगितले, धुळ्याच्या पांढऱ्या भुवया आणि सुरतेच्या काळ्या भुवयाही सांगितल्या. परीक्षकांनी भिंग खाली ठेवलंच नाही. ज्वालामुखी मागेच राहिला.

"आणि लोकरीला सगळ्यात जास्त?"

"हो सर."

"मग माझी परीक्षा घे," ते म्हणाले. ते गमतीत आले होते. "ही पँट शुद्ध लोकरीची आहे. सासऱ्यांनी मुंबईहून आणलेली."

शाळेच्या मागच्या कुंपणाशी वाळलेलं गवत आणि आघाडा माजला होता. परीक्षक पुढे, आम्ही मागे, आमच्यामागे बघ्यांची रांग. ज्वालामुखीवाल्या मुलीसुद्धा आल्या. परीक्षक त्या गवतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत चालले. त्यांच्या शेजारून, तेवढंच अंतर, डाव्या पायात मोजा चढवून बाई चालल्या.

मी गुडघ्यांवर बसून मोजलं. मोज्यावर साठाच्या वर दाणे होते. पँटवर नऊ.

पुन्हा मोजलं. नऊ.

माझ्या मनात आलं ते बोलावं की नाही, कळेना. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, एवढंच.

"सर," मी म्हटलं, "ही पँट पूर्ण लोकरीची नाही."

लोक हसले. परीक्षकांचा चेहरा बदलला. "मोजा सैल विणलेला असतो, पँटचं कापड घट्ट असतं. एवढ्यावरून तू असं कसं म्हणू शकतेस?"

"बरोबर आहे त्यांचं," बाई पहिल्यांदा बोलल्या. "आपला हा अंदाज झाला. सिद्ध कुठे झालंय?"

आणि तेवढ्यात, सकाळपासून भिंतीला चिकटून उभे असलेले माझे आप्पा गर्दीतून पुढे आले. हात जोडले. "साहेब, पँटच्या आतल्या दुमडीतला एक धागा काढू का? बाहेर दिसणार नाही."

परीक्षकांनी पाय पुढे केला. आप्पा खाली बसले, दुमड उलटली, नखानं एक धागा अलगद ओढला. खिशातून काडेपेटी काढून काडी ओढली.

"शुद्ध लोकर जळाली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत धरलं तर राख होते," ते मला म्हणाले, परीक्षकांना नाही. "बघ हं."

धागा पेटला. वास आला केसाचाच, थोडा. पण टोकाला एक काळा, कडक मणी जमला. आप्पांनी तो गार झाल्यावर परीक्षकांच्या तळहातावर ठेवला. "दाबा साहेब. राख झाली तर लोकर. नाही फुटला तर पॉलिएस्टर. मिक्स आहे."

परीक्षकांनी अंगठ्यानं दाबलं. मणी फुटला नाही. पुन्हा जोर लावून दाबलं. नाही.

मोठे सर डोळे मिटून उभे होते. मग परीक्षक इतक्या जोरात हसले की कुंपणावरची पाखरं उडाली. "सोळा वर्षं!" ते म्हणाले. "सोळा वर्षं माझे सासरे मला ऐकवताहेत, शुद्ध लोकर, शुद्ध लोकर!" त्यांनी तो मणी खिशातल्या रुमालात बांधला. आज घरी घेऊन जातो, म्हणाले.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला क्रमांक आमचा. नाव पुकारलं तेव्हा मोठे सर उभे राहून रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम. ढाल माझ्या हातात दिली, ती माझ्या छातीएवढी होती. परीक्षकांनी माईकवरून विचारलं, "हे सगळं कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "बाईंनी. आणि आप्पांनी." ते म्हणाले, "आप्पांनाही वर बोलवा." आप्पा येईनात. शोभा आणि बाकीच्या तिघी त्यांना ओढत घेऊन आल्या. शेजारच्या टेबलावरच्या पोरी, ज्यांनी सकाळी कुजबूज केली होती, त्या बाकांवर चढून टाळ्या वाजवत होत्या. आणि बाई? बाई कोपऱ्यात परीक्षकांच्या पँटवरून काढून घेतलेले दाणे चिमट्यानं निवडत बसल्या होत्या. "यातले तीन मला नेमके ओळखू येत नाहीत," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मग आणखी कुठे. पण जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. सातवी सुटलेल्या आम्हा मुलींच्या घरी त्या सायकलवर आल्या. घरात शिरून समजूत घातली नाही. दारातच म्हणायच्या, "सोमवारी दहा वाजता हायस्कूलला नाव घालायचं आहे. दाखला घेऊन या." जणू ते आधीच ठरलेलं होतं. नऊ घरांतून आठ मुली आल्या. नवव्या घरी त्या तीनदा गेल्या.

आमच्या घरी आल्या तेव्हा आई खड्यांचं ताट घेऊन बसली होती. तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "जाई ती. मी जास तिनासंगे."

सोमवारी हायस्कूलच्या ऑफिसात गर्दी होती. कारकून फॉर्म भरत होता, मान खाली. आमची पाळी आली. त्यानं माझं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. वडिलांचं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना आला, वडिलांचा व्यवसाय. लिंबायतचा पत्ता वाचला होता त्यानं, विचारायची गरज वाटली नाही. पेन टेकवून लिहायला लागला, म...

"साहेब," आप्पा म्हणाले. "मजूर नको. कारीगर लिहा."

"एकच ते," कारकून वर न बघता म्हणाला.

"एक नाही," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. एवढंच की ते खिडकीपासून हलले नाहीत. मागची रांग थांबली. बाई रांगेत बाकीच्या मुलींना घेऊन उभ्या होत्या.

कारकुनानं वर बघितलं. आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यानं म वर आडवी रेघ मारली.

त्या फॉर्मची झेरॉक्स माझ्याकडे आहे. आडव्या रेघेनं खोडलेला एक म, आणि त्याच्यापुढे, जरा मोठ्या अक्षरात, कारीगर.